अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी चळवळींना कायद्याची मदत : विद्यार्थ्याने कुठवर जावं?

वाळूघड्याळ (प्रश्न)

येत्या ऑगस्टपासून न्यूयॉर्कमध्ये एलएलएम सुरू होतंय. एलएलबी भारतातलं, सनद घेतलेली आहे, व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांविरुद्ध चाललेल्या चळवळींना तिथले कायद्याचे विद्यार्थी बऱ्याच प्रकारे मदत करतात. मोर्च्यात लीगल ऑब्झर्व्हर (पोलिसांच्या वागण्याची नोंद ठेवणारा), अटक झालेल्यांसाठी हॉटलाइन, दावे चालवणारं कॉलेजचं क्लिनिक, जामीन निधी, शिवाय माहिती अधिकारासारखे अर्ज. सगळीकडे 'विद्यार्थ्यांचं स्वागत' असं लिहिलेलं असतं, पण हद्द कुठे संपते ते कुणी नीट सांगत नाही.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. बिनपरवाना वकिली नेमकी कुठे सुरू होते? यातलं कोणतं काम नवख्याने घ्यावं? व्हिसाला धोका कशाने होतो? आणि न्यूयॉर्क बारसाठी, म्हणजे तिथल्या वकिलीच्या परवान्यासाठी, जे ५० तास प्रो बोनो (विनामोबदला कायद्याचं काम) लागतं, ते यातून भरून निघतं का?

'मनापासून काम करा' छापाची उत्तरं नकोत. प्रत्यक्ष कामाचं सांगा.

दुसरी_प्रत

आधी सनदेचं बघू. न्यूयॉर्कमध्ये तिचा उपयोग नाही, झाली तर अडचणच होते. कोठडीतून घाबरून फोन करणाऱ्याला 'मी भारतात वकील आहे' असं सांगितलं, की त्याला त्यातलं 'भारतात' ऐकू येत नाही. तेव्हा वाक्य एकच: 'मी वकील नाही, तुमची माहिती वकिलांपर्यंत पोहोचवते.'

बिनपरवाना वकिलीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, तरी रेघ साधारण एकाच जागी पडते. सगळ्यांना लागू होणारी माहिती देता येते. एका माणसाच्या हकिकतीला कायदा लावून 'तू असं कर' म्हणता येत नाही. 'वकिलाशिवाय बोलणार नाही, हे तोंडाने स्पष्ट म्हणा, नुसतं गप्प बसणं पुरत नाही' ही माहिती झाली. बर्गुइस विरुद्ध थॉम्पकिन्स या २०१० च्या निकालापासून हे आंदोलकांना वाटायच्या प्रत्येक हक्कांच्या कार्डावर छापलेलं असतं. 'तुझ्यावर किरकोळच आरोप आहे, कबूल करून टाक आणि घरी जा' हा सल्ला झाला. शिवाय तो घातक सल्ला आहे. हेक विरुद्ध हम्फ्री (१९९४) प्रमाणे, ज्या दाव्यातून दोषसिद्धी खोटी ठरेल असा नुकसानभरपाईचा दावा ती दोषसिद्धी रद्द झाल्याशिवाय चालत नाही. सुटायच्या घाईत दिलेला कबुलीजबाब पोलिसांवरचा पुढचा दावा बुडवू शकतो.

नवख्या माणसाला मी हॉटलाइनच सुचवेन. काम कंटाळवाणं वाटतं, पण विद्यार्थ्याचा खरा उपयोग तिथेच होतो. फॉर्ममध्ये एवढंच लिहायचं: ओळखपत्रावरचं नाव अक्षर अक्षर विचारून (पोलिसांच्या यादीत शोधताना एक अक्षर चुकलं तरी माणूस सापडत नाही), हाक मारायचं नाव, जन्मतारीख, अटकेची जागा आणि वेळ, सध्या कोणत्या ठाण्यात आहे, सांगितला असल्यास आरोप, दुखापत, रोजची औषधं, घरी कुणाला कळवायचं, घरात एकटं राहिलेलं मूल किंवा म्हातारं माणूस आहे का. नागरिकत्व विचारायचं नाही. 'इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलायचंय का' एवढंच विचारायचं आणि हो किंवा नाही लिहायचं.

'काय झालं?' हा प्रश्न मात्र चुकूनही नको. सहानुभूतीने तोंडात पहिला तोच येतो आणि नुकसानही तोच करतो. कोठडीतला फोन रेकॉर्ड होतोय असंच धरून चालायचं. वकील-अशील गोपनीयतेचं छत्र तुमच्यावर असतं ते वकिलाचा मदतनीस म्हणून. त्या रात्री वकीलच जोडलेला नसेल, तर तुम्ही नुसते साक्षीदार आहात आणि तुमच्यावर समन्स निघू शकतं. म्हणून फोन उचलल्यावर पहिलं वाक्य: 'हा फोन रेकॉर्ड होत असेल, घडलेलं काही सांगू नका.'

न्यूयॉर्क शहरातला क्रम असा. अटक, ठाणं, मग एकतर डेस्क अपिअरन्स तिकीट देऊन तारखेवर सोडतात, नाहीतर सेंट्रल बुकिंग (न्यायालयाजवळची कोठडी) आणि न्यायाधीशासमोर अरेनमेंट, म्हणजे पहिली हजेरी. अरेनमेंट साधारण २४ तासांच्या आत व्हावी, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवलं. फेडरल मर्यादा ४८ तासांची आहे, तीही १९९१ चीच. म्हणून नोंदवहीत अटकेच्या वेळेचा स्वतंत्र रकाना ठेवतात आणि विसाव्या तासाला पर्यवेक्षक वकिलाला कळवतात. जून २०२० मध्ये शेकडो लोक २४ तासांहून जास्त अडकले, तेव्हा लीगल एड सोसायटी या मोफत कायदा-मदत संस्थेने त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला होता. न्यायालयाने तो फेटाळला, ही गोष्ट वेगळी. पण असा अर्ज उभा राहतो तो कुणाला किती वाजता उचललं याच्या नोंदींवरच.

गट निवडताना एकच कसोटी लावा: 'आज रात्री जबाबदार वकील कोण, त्यांचा नंबर काय, आणि हे फॉर्म उद्या कुणाच्या कपाटात जातात?' याचं उत्तर 'बघू, कुणीतरी असेलच' असं आलं तर तिथे बसू नका.

फूटपाथ

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ऑब्झर्व्हरच्या कामाबद्दल एक गैरसमज असतो, तो आधी काढायला हवा. ऑब्झर्व्हर आंदोलकांकडे बघत नाही, पोलिसांकडे बघतो. नॅशनल लॉयर्स गिल्ड ही संघटना १९३७ ची, तिचा हा कार्यक्रम १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्येच सुरू झाला. हिरव्या टोप्या त्यांच्याच. प्रशिक्षण घेतल्याशिवाय टोपी मिळत नाही, आणि दुसऱ्याची मागून घालायची नसते.

जोडीने उभं राहतात. एक लिहितो, दुसरा वेळ आणि आजूबाजूला काय चाललंय ते सांगतो. लिहायचं काय? घड्याळातली वेळ आणि चौक. पोलिसांची तुकडी. शील्ड (पोलिसाचा बिल्ला) क्रमांक, तो झाकलेला असेल तर हेल्मेटवरचा क्रमांक, आणि 'शील्ड काळ्या पट्टीने झाकलेलं' हीसुद्धा एक नोंद. पांढरा शर्ट म्हणजे वरचा अधिकारी, तेव्हा हुकूम कुणी दिला ते कळायला ते महत्त्वाचं. जमावाला पांगायचा आदेश दिला तर शब्द काय होते, हातातल्या कर्ण्यावरून की मोठ्या ध्वनियंत्रावरून, किती वेळा, मागच्या रांगेला ऐकू गेला का, बाहेर पडायला कोणता रस्ता मोकळा होता आणि आदेशानंतर किती मिनिटांनी पहिली अटक झाली.

शेवटच्या दोन बाबींवर खटले उलटतात. ४ जून २०२० ला ब्रॉन्क्समधल्या मॉट हेवनमध्ये रात्री आठची संचारबंदी लागू व्हायच्या काही मिनिटं आधीच पोलिसांनी मोर्चा दोन्हीकडून कोंडला आणि आठ वाजल्यावर संचारबंदी मोडली म्हणून लोकांना उचललं. बाहेर पडायची वाट किती वाजता बंद झाली, यावरच सगळं होतं. २०२३ मध्ये शहराने प्रत्येकी २१,५०० डॉलर देऊन तडजोड केली.

लिहायचं नाही ते: आंदोलकांची नावं, चेहरे, कपडे, कुणी काय फेकलं. तुमची वही उद्या सरकारी वकिलाने मागवली तर तिच्यात काय सापडेल, हे डोक्यात ठेवूनच लिहायचं. प्रत्येक पानावर 'वकिलाच्या सूचनेवरून, संभाव्य दाव्यासाठी' असं लिहितात, म्हणजे वकिलाच्या तयारीचे कागद म्हणून संरक्षण मागता येतं. मिळेलच असं नाही. वही त्याच रात्री समन्वयकाकडे द्यायची, स्वतःच्या फोनमध्ये फोटो ठेवायचा नाही. घोषणा नाहीत, फलक नाही, पोलिसांशी मध्यस्थी नाही. मध्यस्थी करावीशी फार वाटते, आणि तिथेच माणूस ऑब्झर्व्हर राहत नाही.

टोपीने संरक्षण मिळतं का? थोडंसं. २०२० मध्ये पोर्टलंडच्या फेडरल न्यायालयाने पत्रकारांबरोबर ऑब्झर्व्हरनाही पांगायच्या आदेशातून वगळलं होतं, आणि ओळखायची खूण म्हणून या हिरव्या टोपीचा उल्लेख केला होता. पण तो आदेश त्या शहरापुरता, त्या पक्षकारांपुरता. मॉट हेवनमध्ये ऑब्झर्व्हरनाही पकडलं. मार्च २०२३ मध्ये अटलांटात ऑब्झर्व्हर म्हणून गेलेल्या एका वकिलावर देशांतर्गत दहशतवादाचा आरोप लावला गेला. एफ-१ वर असणाऱ्याने हे वाचून मग ठरवावं.

आय_चौऱ्याण्णव

मी तर सरळ सांगतो: एफ-१ वर रस्त्यावरचं काम घेऊ नका. आंदोलनात भाग घ्यायचा हक्क वेगळा आणि अटकेचा परिणाम वेगळा. दोषसिद्धी लागतच नाही. नुसत्या अटकेवरून परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. खटला मागे घेतला, कागद सीलबंद झाले, तरी पुढच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न असतोच. बारच्या चारित्र्य तपासणीतही असतो, आणि तिथे अटकेपेक्षा ती लपवणं जास्त महागात पडतं. २०२५ च्या वसंतात विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) मोठ्या संख्येने बंद केल्या गेल्या, त्यात जुन्या किरकोळ पोलीस नोंदी असलेलेही होते. कोर्टकज्जे झाल्यावर सरकारने नोंदी परत सुरू केल्या, पण मधले आठवडे त्या मुलांनी कसे काढले असतील याचा विचार करा.

आता कामाच्या परवानगीचं. क्लिनिक हा अभ्यासक्रमाचा भाग असेल, श्रेयांक मिळत असतील आणि ते कॉलेजमध्येच चालत असेल, तर तो तुमच्या शिक्षणाचाच भाग. बाहेरच्या संस्थेत एक्स्टर्नशिप (श्रेयांकासाठी बाहेरचं काम) घेतली तर सीपीटी, म्हणजे शिकतानाच काम करायची परवानगी, लागू शकते, आणि सीपीटीला साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं. एलएलएमच नऊ महिन्यांचं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. निव्वळ सेवाभावी काम ना-नफा संस्थेत करता येतं, पण ज्या कामासाठी ती संस्था एरवी माणसाला पगार देते ते काम फुकट केलं म्हणून सेवा ठरत नाही. हॉटलाइनवर सगळेच स्वयंसेवक असतात, तिथे प्रश्न कमी. तरीही कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा बघणारा अधिकारी) ईमेल करा, कामाचं वर्णन चार ओळीत द्या आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'हरकत नाही' दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

हॉटलाइनवर बसणाऱ्यालाही एक गोष्ट ठाऊक हवी. अटक झालेली व्यक्ती नागरिक नसेल, तर अशिलाला इमिग्रेशनवरच्या परिणामांचा सल्ला देणं हे बचाव वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे (पडिला विरुद्ध केंटकी, २०१०). न्यूयॉर्कमध्ये किरकोळ प्रकरणांत एसीडी नावाची सोय मिळते: सहा महिने नीट वागा, खटला रद्द होईल, कबुली द्यावी लागत नाही. नागरिकासाठी ही बरी. व्हिसावाल्याच्या मागे तेवढे महिने प्रकरण उघडं राहतं, त्यामुळे हो म्हणण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारायलाच हवं. तुमचं काम त्या फॉर्मवर ठळक खूण करण्यापुरतं. एसीडी चांगली की वाईट हे तुम्ही सांगायचं नाही, वर सांगितलंच आहे.

वाळूघड्याळ

मग ठरलं, हॉटलाइन आणि क्लिनिक. दोन प्रश्न उरले. ५० तासांचं काय? आणि क्लिनिकमध्ये एलएलएमवाल्याला खरोखर काही करू देतात, की झेरॉक्स काढायला बसवतात?

तारीखवार

५० तास: क्लिनिकचे धरतात, श्रेयांक मिळाले असले तरी. कायद्याशी संबंधित काम हवं आणि देखरेख वकिलाची, प्राध्यापकाची किंवा न्यायाधीशाची. एलएलएमवाल्यांना अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधीच्या एका वर्षातले तासही धरता येतात, भारतातलेसुद्धा, नियमात बसत असतील तर. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यावर पर्यवेक्षकाची सही. काम संपलं त्याच आठवड्यात सही घ्या. पर्यवेक्षक नोकरी बदलतात.

कोर्टात उभं राहायचं, तर ते राज्याच्या विद्यार्थी-वकिली नियमावर अवलंबून असतं. कॅलिफोर्नियात नियम ९.४२ आहे, इलिनॉयमध्ये ७११, न्यूयॉर्कमध्ये अपिलीय विभाग या अपील न्यायालयाच्या आदेशाने कार्यक्रमाला मान्यता मिळते. हे नियम मुख्यतः जेडीच्या (अमेरिकेतली कायद्याची मुख्य पदवी) विद्यार्थ्यांसाठी बेतलेले आहेत, म्हणून क्लिनिकला अर्ज करतानाच 'एलएलएमचा विद्यार्थी या आदेशाखाली येतो का' असं विचारा.

झेरॉक्सचं म्हणाल, तर कागदाचं काम हलकं समजू नका. कृष्णवर्णीय वकील पॉली मरे यांनी हॉवर्ड विद्यापीठात विद्यार्थिनी असताना वर्णभेदाला मान्यता देणाऱ्या प्लेसी निकालावर थेट हल्ला करावा असं मांडणारा निबंध लिहिला होता, तेव्हा वर्गात त्याची चेष्टा झाली. पुढे त्यांचे प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या तयारीत तोच निबंध बाहेर काढला.

क्लिनिकमध्ये तुमच्या वाट्याला येईल ते मुदतींचं कोष्टक, आणि तिथे चूक झाली तर दावा संपतो. न्यूयॉर्क शहरावर राज्याच्या कायद्याखाली दावा करायचा तर ९० दिवसांत नोटीस ऑफ क्लेम (दावा करणार असल्याची सूचना), मग एक वर्ष ९० दिवसांत दावा. फेडरल १९८३ कलमाखालच्या (सरकारी माणसाने घटनात्मक हक्क मोडल्याबद्दलच्या) दाव्याला नोटीस लागत नाही, मुदत न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षं, कॅलिफोर्नियात दोन. गोंधळ होतो तो सुरुवातीच्या तारखेवर. बेकायदा अटकेच्या फेडरल दाव्याची मुदत आरोपी न्यायालयापुढे उभा राहिला की चालू होते (वॉलेस विरुद्ध काटो, २००७). फौजदारी खटला संपायची वाट बघत बसलं तर वर्षं निघून जातात. मारहाणीची मुदत घटनेच्या दिवसापासून. कोष्टकात प्रत्येक मागणीला स्वतंत्र ओळ द्या आणि कॅलेंडरवर सगळ्यांत आधीची तारीख टाका.

नोटीस दिल्यावर शहर अशिलाला शपथेवर प्रश्न विचारायला बोलावू शकतं, त्याला ५०-एच सुनावणी म्हणतात. फौजदारी खटला चालू असताना तिथे दिलेलं उत्तर फिरून अंगावर येतं. म्हणून बचाव वकिलाला विचारल्याशिवाय ना ती सुनावणी, ना सीसीआरबी या नागरी तक्रार मंडळाकडे जबाब. दिवाणी क्लिनिक आणि बचाव वकील एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा हमखास इथेच घोळ होतो.

पुराव्यासाठी पहिल्या आठवड्यात दोन पत्रं. एक पोलीस खात्याला: बॉडी कॅमेरा, रेडिओ संभाषण, हेलिकॉप्टरचं चित्रीकरण जपून ठेवा. पत्रात तारीख, वेळ, चौक आणि माहीत असतील ते शील्ड क्रमांक लिहा. नुसतं 'त्या दिवशीचं सगळं' लिहिलं तर त्यावर काही होत नाही. दुसरं चौकातल्या दुकानांना, आणि ते हातानेच नेऊन द्या, कारण त्यांच्या कॅमेऱ्यांवर काही दिवसांतच नवीन चित्रीकरण चढतं. त्यानंतर फॉइलचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या माहिती अधिकार कायद्याखालचा अर्ज. खात्याने पाच कामकाजी दिवसांत किमान पोच द्यायची असते, नकार आला तर ३० दिवसांत अपील. जून २०२० मध्ये या नोंदी गुप्त ठेवणारं ५०-अ कलम रद्द झाल्यापासून पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी मागता येतात. सीसीआरबीने तक्रारींचा इतिहास ऑनलाइनही ठेवला आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी तिथे नाव टाकून बघा.

फूटपाथ

एक राहिलं. एकाच मोर्च्याच्या प्रकरणात दोन भूमिका घेऊ नका. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस साक्षीदार होऊ शकतो, आणि खटल्यात जो आवश्यक साक्षीदार असतो त्याला त्याच खटल्यात बाजू मांडता येत नाही. हॉटलाइनवर ज्याचा फॉर्म भरला, तोच पुढे क्लिनिकमध्ये अशील म्हणून आला तर पर्यवेक्षकाला लगेच सांगा.

दुसरी_प्रत

आणि हितसंबंधांची तपासणी. उन्हाळ्यात शहराच्या विधी विभागात किंवा सरकारी वकिलाच्या कार्यालयात इंटर्नशिपचा विचार असेल, तर क्लिनिकला आधी सांगा. नंतर कळलं तर तुम्हाला त्या फाइलींपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि फाइल अर्धवट तुमच्या डोक्यात, अर्धवट कपाटात राहते.

जामीन निधीबद्दल विचारलं होतं, ते सगळ्यांच्याच नजरेतून सुटलं. त्यात विद्यार्थ्याचं काम हिशेबाचं: पावती कुणाच्या नावावर, पुढची तारीख कोणती, आदल्या दिवशी आठवण कुणी करायची. माणूस तारखेला गेला नाही तर पैसे जप्त होतात. राज्याराज्यांत नियम अगदी उलटे आहेत. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच बंद केला. जॉर्जियाने २०२४ मध्ये कायदा करून कोणत्याही व्यक्तीला किंवा संस्थेला वर्षात तीनच रोख जामीन भरता येतील अशी मर्यादा घातली. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या निधीचा तयार फॉर्म उतरवून घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये पावतीवर ज्याचं नाव असतं, पैसे परत त्याच्याच नावावर येतात. निधीऐवजी स्वयंसेवकाचं नाव घातलं तर ते सोडवून घेताना नाकी नऊ येतात.